हिरवा दिवा विझायचा तेव्हा

कार्तिकातले ऊन बडनेऱ्याबाहेरच्या तुरीवर उतरले की पिवळ्या फुलांचा उग्रगोड वास गाडीच्या अर्ध्या उघड्या काचेतून आत येतो. त्या वासाकडे, वेचणीला आलेल्या कपाशीच्या पांढऱ्या पसाऱ्याकडे मी वर्षभर पाहिलेच नाही. माझे डोळे स्टिअरिंगमागच्या एका इवल्या हिरव्या दिव्यावर खिळलेले असत.

गाडी जुनी, अकोल्याचे माझे साडभाऊ वसंतराव यांच्याकडून घेतलेली. तिच्यात क्रूझ कंट्रोल आहे. वेग ठरवून बटण दाबले की हिरवा दिवा लागतो आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवताही गाडी त्याच वेगाने चालत राहते. माझ्या म्हाताऱ्या गुडघ्याला ते सुख हवे होते. पण कधी पुलाच्या उतारावर, कधी समोर ट्रॅक्टर दिसताच दिवा विझून जाई.

ब्रेक दाबला की ही यंत्रणा सुटते, म्हणून ब्रेकचा स्विच बदलून झाला, फ्यूज पाहिला, वायरी तपासल्या. मेकॅनिक चक्कर मारून येई आणि म्हणे, "काकाजी, माह्या हातात त मस्त चालते. गाडीले तुमी पसंत नसान." तो हसे, मी हसत नसे. हा मेकॅनिक वसंतरावांनीच सुचवलेला, हे नेमके तेव्हाच आठवे. मग किल्ली देताना वळलेली त्यांची नजर आठवे, अंगणातला तो घाईचा चहा आठवे. काळ्या जमिनीची भेग वरून बोटभर दिसते आणि आत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. माझा संशय तसा होता.

भातकुलीला नात्यातल्या एका साक्षगंधाच्या पंगतीत मी सर्वांसमोर म्हणालो, की वसंतरावांनी जाणूनबुजून खराब गाडी माझ्या गळ्यात मारली. त्यांची पत्नी सिंधू, माझ्या बायकोची, कुसुमची, धाकटी बहीण, भरल्या ताटावरून उठली. वसंतराव एवढेच बोलले, "मले असं काई मालूम नोतं, भाऊ." त्या दिवसापासून दोघी बहिणींचे दुपारचे फोन थांबले. कुसुमने मला बोल लावला नाही. फोन उशाशी ठेवून ती भिंतीकडे तोंड करून पडून राही.

शेवटी या कार्तिकात गाडी परत करायचे ठरवून आम्ही अकोल्याला निघालो. आदल्या दिवशी न्हाणीच्या उंबरठ्याला माझ्या डाव्या पायाचा अंगठा ठेचकाळला होता. गिअर पडला की तो पाय मी जपून मागे सीटशी ओढून घेत होतो. मूर्तिजापूर मागे पडले तरी दिवा तेवत होता. मला त्या दिव्याचाही संशय आला. "आज कावून नाई बिघडून राहिली?" कुसुम खिडकीकडे पाहत म्हणाली.

तेवढ्यात कापसाने फुगलेला ट्रॅक्टर पुढे दिसला आणि माझा डावा पाय, मी न सांगता, क्लचवर जाऊन टेकला. अंगठ्यातून कळ उठली, दिवा विझला. पाय काढून बटण दाबले, पुन्हा नुसता टेकवला, पुन्हा विझला. क्लचच्या स्पर्शानेही यंत्रणा सुटते, हे कुणाच्या मनातच आले नव्हते. पावसाळ्यात शेताकडे जाणाऱ्या चिखलाच्या पांदणीतून वडिलांची जीप हाकत मी गाडी शिकलो; तिथे क्लचवरून पाय उचलला की गाडी रुतलीच. रस्ते चौपदरी झाले, पाय पांदणीतच राहिला.

अकोल्यात अंगणात उभे राहूनच मी सगळे सांगितले. सिंधूने कुसुमचा हात धरून तिला आत नेले. वसंतरावांनी गाडीच्या खिडकीतून वाकून ते बटण पाहिले.

"मी ते बटन कधी दाबूनच नोतं पायलं, भाऊ. तुमी बोलले तवापासून मलेच वाटे, खराब गाडी गेली असन आपल्या हातून."

मी त्यांना गाडीत बसवले, रस्त्यावर नेले, पाय टेकवून आणि उचलून दाखवले. भातकुलीत ज्यांनी ऐकले त्यांनी आता हेही ऐकावे, म्हणून लिहितो आहे. परतताना वसंतरावांनी हलकेच विचारले, "खरंच तुमचा पायच होता ना? का मले बरं वाटावं म्हनून बोलून राहिले?"

मी हो, पायच होता, म्हणालो. त्यांनी मान हलवली, आणि थोड्या वेळाने माझ्याकडे न पाहता तेच पुन्हा विचारले.