बाईंचं ग्रीक आणि माझ्या चौकटी

शाळेत मला संस्कृत शिकवणाऱ्या बाईंनी निवृत्तीनंतर नांदेडात घरबसल्या प्राचीन ग्रीक शिकायला घेतलं. मी लातूरला वेबसाइट बनवते हे त्यांना कुठून तरी कळलं आणि फोन आला. "माझे ग्रीक उतारे वेबपेजवर टाकून दे. कर्ता कुठला, क्रियापद कुठलं, कोणता शब्द कोणाशी जोडलाय, नुसतं बघून कळलं पाहिजे."

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. स्टाइलशीटमध्ये क्रियापदाला लाल रंग दिला, कर्त्याला निळा, आणि एकत्र जाणाऱ्या शब्दांभोवती चौकट. पहिली तीन वाक्यं छान बसली. चौथ्यानं जीव खाल्ला. विशेषण ओळीच्या सुरुवातीला, त्याचं नाम पाच शब्द पुढे, आणि मधे क्रियापद येऊन बसलेलं. दोघांना एका चौकटीत घ्यावं तर क्रियापदही आत कोंडलं जायचं. चौकट तोडली की कोणाचं कोण ते कळायचं नाही. कसंबसं लॅपटॉपवर जमवलं, तर मोबाइलवर ओळ मोडून निम्मी चौकट खाली लोंबायची. आठवडाभर मी हेच करून राहिले होते.

शेवटी वैतागून फोन लावला. "बाई, या लोकांना शब्द जागेवर ठेवता येत नव्हते का हो?"

"प्रत्यय कशाला असतात गं? प्रत्ययावरून जोडी ओळखायची. संस्कृतात हेच शिकवलं होतं. तेव्हाही तुझं लक्ष नव्हतं."

पन्नाशीला आले तरी मी हे ऐकून घ्यायचं! रविवारी त्या एसटीनं लातूरला आल्याच. चहासुद्धा न घेता पिशवीतून वही काढली. पानापानावर ग्रीक वाक्यं, आणि जोडीच्या शब्दांखाली एकाच रंगाची पेन्सिलीची रेघ. चौकट एकही नाही.

"चौकटी कोणी सांगितल्या तुला?"

कोणीच नव्हत्या सांगितल्या. मी त्या सगळ्या काढून टाकल्या, प्रत्येक शब्द सुटा केला, एका जोडीला हिरवी, दुसरीला जांभळी अशी रेघ दिली आणि एका शब्दावर बोट टेकवलं की त्याचा जोडीदारही उजळेल असं केलं. तासाभरात झालं, याचाच जास्त संताप आला. बाई मात्र मोबाइलवर बोट टेकवत, ग्रीक पुटपुटत बसल्या होत्या; मी समोर आहे हेही विसरल्या.

निघताना म्हणाल्या, "हिरवा लई भडक झालाय. बदल."

मी बदलला. नांदेडला पोचल्या पोचल्या त्यांचा फोन, "आधीचाच बरा होता."