चालू होतोय, साहेब

सातपूरच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी ऑपरेटर होते, तेव्हा माझा कॉम्प्युटर चालू व्हायला दहा मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून मोजली होती. बटण दाबलं की आधी पडद्यावर गणपती यायचा, त्याची आरती वाजायची, मग साहेबांनी टाकून घेतलेला क्रिकेटचा स्कोअर, मग एक सोडून दोन-दोन अँटिव्हायरस, शिवाय माझ्याआधीच्या ऑपरेटरने ठेवलेलं टायपिंग शिकवणारं काहीतरी. सगळे सवडीने उठायचे.

मी मात्र पहाटे पाचला उठलेली असायचे. नळाचं पाणी, तीन डबे, सासूबाईंचे पाय चोळणं, मुलीच्या वेण्या, मग निमाणीच्या बसस्टँडवरून उभ्याने बस. घरी बसायला मिळायचं नाही असं नाही, पण बसलं की कुणीतरी मेथीची जुडी पुढ्यात आणून ठेवायचं. ही दहा मिनिटं तेवढी माझी होती. चपला काढून पाय टेबलाखालच्या गार फरशीवर टेकवायचे आणि काहीसुद्धा करायचे नाही. साहेबांनी हाक मारली तर, "चालू होतोय, साहेब." यावर त्यांना पुढे बोलायला जागाच नसायची.

शेवटी साहेब वैतागले आणि त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. चाळिशीचा शांत माणूस. त्याने पडद्यावर एक यादी उघडली. "ताई, बघून ठेवा. कॉम्प्युटरबरोबर हे सगळं आपोआप सुरू होतं. जे नको त्याच्यापुढची खूण काढायची, झालं." गणपतीपाशी तो थांबला. साहेब म्हणाले, "काढा. भिंतीवर फोटो आहेच की."

दुसऱ्या दिवशी मी पर्स खाली ठेवेपर्यंत कॉम्प्युटर तयार. साहेब खूश. लगेच आलेल्या मालाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर. चार दिवस मी तो उपसला. पाचव्या दिवशी बसमधून उतरताना मला रडू यायला लागलं, आणि कारण काय, तर कॉम्प्युटर लवकर सुरू होतो. हे सांगणार कुणाला? त्या संध्याकाळी निघण्याआधी मी यादी उघडली आणि सगळ्या खुणा परत केल्या. गणपतीची सगळ्यात आधी, जरा भीतभीतच.

आठवड्याभरात दुरुस्तीवाल्याला पुन्हा बोलावणं गेलं. यादी उघडून तो नुसताच बघत राहिला. साहेब दारात फोनवर बोलत होते. त्याने हळूच विचारलं, "ताई, या खुणा कुणी केल्या?"

"मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. का, ते विचारलं नाही. मला वाटलं, गेली नोकरी.

साहेब आत आल्यावर तो म्हणाला, "मशीन जुनं झालंय साहेब. थोडं कमी करून देतो, पण पाच मिनिटं लागणारच. त्याच्या खाली येणार नाही." मग त्याने स्कोअर, एक अँटिव्हायरस आणि ते टायपिंगचं काढून टाकलं. "गणपती राहू द्या. सारखा सारखा काढणं बरं नाही." साहेबांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघून मान डोलावली.

पुढची तीन वर्षं मी त्या पाच मिनिटांवर काढली.