बाहेरून ठोकलेल्या फळ्या

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, सगळे घट्टोबा म्हणतात, अगदी तोंडावर. त्यांना त्याचं वाईट वाटत नाही, उलट छाती जरा पुढे येते. चाळीस वर्षं त्यांनी सुतारकाम केलं. दारं, जिने, शाळेचे बाक, घरांपुढची कुंपणं. यातला एकही खिळा आजवर निघालेला नाही, असं ते कुणी न विचारताही सांगतात. सासूबाईंचं मत जरा वेगळं आहे. स्वयंपाकघरात चाळणी टांगायला बाबांनी एक खिळा भलत्याच जागी ठोकला, त्याला सव्वीस वर्षं त्यांचं डोकं लागतंय. काढा म्हटलं की बाबा म्हणतात, तू जरा वाकून जात जा.

मी हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर खिळे, स्क्रू, बिजागऱ्या यांतच हात असल्यामुळे मलाही थोडंफार कळतं, आणि जे कळतं ते मी बोलून दाखवते. त्यामुळे आमच्या दोघांचं चांगलं जमतं आणि रोज वाजतंही.

गावाबाहेर मोठ्या रस्त्याला लागून एका बाईंची पागा आहे. त्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवतात. त्यांच्याकडे एक नवीन घोडी यायची होती. तिला नेणारी गाडी मागे कधीतरी उलटली होती, तेव्हापासून मोठा आवाज झाला की ती वाट फुटेल तिकडे धावत सुटायची. तिला मोकळं सोडायला जागा होती ती फक्त रस्त्यालगतची, आणि तिथे आजवर नुसती दोरी बांधलेली. बाईंनी बाबांना चारी बाजूंनी लाकडी कुंपण सांगितलं, शनिवारी चारच्या आत.

सामान घ्यायला बाबा दुकानात आले तेव्हा त्यांनी माझी परीक्षाच घेतली. मी साधे गुळगुळीत खिळे पुढे केले तर म्हणाले, लाकूड ओलसर आहे, वाळलं की हे सैल पडतील. खरं होतं. काळे बारीक स्क्रू दाखवले, तर एक पकडीत धरून कडकन मोडून दाखवला. तेही खरं. मग त्यांनी स्वतःच निवडले ते अंगभर बारीक कड्या कोरलेले, जस्त चढवलेले, चार इंची खिळे. पावसात गंजत नाहीत, आणि लाकडात शिरले की कड्या आतून धरून ठेवतात. शिवाय दोन किलोचा हातोडा, पहार, ओळंबा आणि सुतळी. मी म्हटलं, बाबा, जनावराचं काम आहे, खांबांतून आरपार बोल्ट घाला. उद्या एखादी फळी बदलायची झाली तर पाना लावला की सुटेल.

"जे काढायचं असतं ते लावायचंच कशाला?" बाबा म्हणाले, आणि दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मी बिल केलं, पण मनात धुसफुसत राहिले.

शनिवारी एक वाजता मी फाटकाच्या बिजागऱ्या घेऊन तिकडे गेले. कुंपण उभं होतं आणि देखणं होतं, हे मान्य करायलाच हवं. खांब एका रेषेत, प्रत्येकावर तीन फळ्या. बाबा फाटकाशी गुंतले होते. बाई घोडीला आणायला गेल्या होत्या. पागेत फक्त मोतद्दार होता, घोड्यांत केस पांढरे झालेला माणूस. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला की फळ्या बाहेरच्या अंगाला का ठोकल्यात? घोडा कुंपणाला आतून रेटतो, अंग घासतो, ढुंगण टेकवतो. फळ्या आतल्या अंगाला असल्या की त्याचा भार खांबावर जातो. बाहेरून असल्या की भार खिळ्यावर येतो, आणि फळी बाहेर ढकलली जाते. एवढं बोलून तो पाणी भरायला गेला. सुताराला तोंडावर सांगायचा त्याला धीर झाला नसावा.

चूक कशी झाली ते मला लगेच कळलं. बाबांनी आयुष्यभर घरांची कुंपणं केली, आणि घराच्या कुंपणाची चांगली बाजू रस्त्याकडे असते. लोकांना दिसते ती. इथेही त्यांचा हात सवयीने बाहेरच्या बाजूला गेला. पलीकडे दहा पावलांवरून ट्रक जात होते.

मी जाऊन सांगितलं. बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, त्या मोतद्दाराला म्हणावं, माझा एक तरी खिळा निघालेला दाखव. मी म्हटलं, दाखवूया, आपणच ढकलून बघू. आम्ही दोघं आतून मधल्या फळीला पाठ लावून उभे राहिलो, टाचा मातीत रोवल्या आणि रेटलं. फळी हलली नाही. बाबा माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी वाकून फळी आणि खांब यांच्यामध्ये बोट फिरवलं. त्यांचं नख आत गेलं; ठोकताना तिथे केसाएवढीही फट नव्हती.

आमच्या दोघांचं मिळून वजन सव्वाशे किलो. घोडीचं त्याच्या चौपट, तेही धावत आलेलं.

मी फोन काढला. म्हटलं, बाईंना सांगते, आज आणू नका. बाबांनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी हात धरून थांबवलं नव्हतं. म्हणाले, दोन तास दे. रस्त्याकडची बाजू आपण बोल्टने बांधू, उरलेल्या तीन बाजूंना शेतं आहेत, ती उद्या बघू. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि कीवही आली. मी फोन पिशवीत टाकला. तो टाकायला नको होता.

रस्त्याकडे बारा खांब, म्हणजे छत्तीस जोड. मी दुकान गाठलं. सहा इंची बोल्ट, गोल गुळगुळीत डोक्याचे, घोडीला आतून टोचू नयेत म्हणून. खोका उपडा केला, दोनदा मोजले. चौतीस निघाले. दुसऱ्या दुकानाला शनिवारी दुपारी कुलूप असतं. मोठे वॉशर, ड्रिल, लांब बिट आणि दोन पाने घेऊन मी परत धावले.

बाबा भोक पाडायचे, मी आतून बोल्ट घालून हातोडीने बसवायची, ते बाहेरून वॉशर घालून नट आवळायचे. ओल्या लाकडात बिट अडकायचं, ते उलटं फिरवून काढावं लागायचं. सहाव्या खांबाशी एक बॅटरी संपली. दहाव्या खांबाशी दुसरीही धापा टाकायला लागली. रस्त्याकडून बघितलं तर देखण्या कुंपणावर आता नटांची रांग दिसत होती, प्रत्येक फळीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. बाबा तिकडे बघत नव्हते. कोपऱ्याच्या खांबाला वरचे दोन जोड नुसत्या खिळ्यांवर राहिले. बाबा म्हणाले, हा कोपरा फाटकापासून सगळ्यात लांब आहे, ती इथवर येणार नाही. मी पाने पिशवीत भरले. चार वाजायला दहा मिनिटं होती आणि गाडी वळणावर दिसत होती.

घोडी औषधाच्या गुंगीत होती. मोतद्दाराने दोरीला धरून उतरवली, आत नेऊन सोडली. बाई गाडीजवळ उभ्या राहून बघत होत्या. घोडी मान खाली घालून चार पावलं चालली, माती हुंगली. मी बाबांना शोधलं तर ते फाटकाशी नव्हते. बाहेरून वळसा घालून त्या कोपऱ्याशी जाऊन उभे होते.

रस्त्यावर एका ट्रकने करकचून ब्रेक लावला.

घोडी जागच्या जागी उसळली आणि कुंपणाच्या कडेने धावत सुटली. तिचं अंग फळ्यांवर घासत गेलं, बोल्ट लावलेले खांब एकामागून एक थरथरले आणि टिकले. ती थेट कोपऱ्यात जाऊन आदळली. वरच्या फळीचं टोक किंचाळत खांबापासून सुटलं, कड्यांसकट दोन खिळे बाहेर आले. बाबांनी त्या फळीला दोन्ही हात आणि खांदा लावला. घोडीने पुन्हा रेटलं. मी धावत पोहोचले आणि त्यांच्या शेजारी पाठ लावली. पलीकडून तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता. पाच सेकंद असतील, दहा असतील. मग मोतद्दाराने तिला कानाशी बोलत बोलत मागे वळवलं.

बाबा फळी सोडेनात. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली तेव्हा दिसलं की आतल्या अंगाला निघालेल्या एका खिळ्याचं टोक, फळीला वेढलेल्या त्यांच्या उजव्या तळहातात शिरलंय.

बाई धापा टाकत आल्या. त्यांनी लांबून एवढंच पाहिलं होतं की घोडी आदळली आणि या म्हाताऱ्या माणसाने तिला अडवलं. त्या बाबांचे आभार मानायला लागल्या. बाबांनी ते घेतले असते तर मीसुद्धा गप्प बसले असते, हे मला कबूल करायला हवं.

"बाई, आभार नका मानू," बाबा म्हणाले. "फळ्या मी उलट्या अंगाला ठोकल्यात. दुपारी एकपासून मला माहीत होतं, आणि मी तुम्हाला फोन केला नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तुलाही माहीत होतं? मी हो म्हटलं. त्या घोडीला आत बंद ठाणावर घेऊन गेल्या. परत आल्यावर एवढंच विचारलं की नीट करायला किती दिवस लागतील. बाबा म्हणाले, चार, चारी बाजू.

रविवारी सकाळी सातला आम्ही तिथे होतो. बाबांच्या उजव्या हाताला जाड पट्टी होती. डाव्या हाताने लोखंड कापायचं पातं धरून ते फळी आणि खांबाच्या फटीतून स्वतःचे खिळे एकेक करून कापत होते. रस्त्यावरून जाणारा एकजण ओरडला, काय घट्टोबा, कालच लावलंत ना? बाबा म्हणाले, चुकीचं लावलं होतं. तो पुढे निघून गेला. मी फळी उचलून आतल्या अंगाला धरली. पहिला बोल्ट आरपार गेला, बाबांनी वॉशर बसवला, नट चढवला आणि पाना उचलायला गेले, तर पट्टीच्या हातात तो राहीना. दोनदा घसरला. त्यांनी तो माझ्याकडे दिला.

मी आवळत गेले. बाबा खांबाला हात लावून उभे होते.

"आता पुरे का, ते तू सांग," ते म्हणाले.

मी आणखी अर्धा फेरा फिरवला आणि मग म्हटलं, पुरे.