नग मोजले, जाडी मोजली नाही

मालकाच्या पोरानं भिंतीवर दोन रेघा दाखवल्या. लाल नेपाळची, निळी व्हिएतनामची. मागच्या काही वर्षांत कुठून किती प्लायवूड भारतात आलं, याची तुलना. लाल आडवीच चालली होती. निळी तिला ओलांडून वर चढून राहिली होती.

"पूरा मार्केट शिफ्ट हो गया, काका," तो म्हणाला. त्याला मराठी समजते, बोलतो हिंदीत. आता नेपाळचा माल बंद, वर्षभराची सगळी ऑर्डर व्हिएतनामच्या एजंटाला. संध्याकाळी सही.

मी रायपूरच्या या गोदामात तीस वर्षं माल उतरवून घेतो. शिक्षण चौथीपर्यंत. पण प्लायला हात लावला की जाडी सांगतो. अठरा एमएम म्हणजे पलंगाची फळी, माणूस झोपतो ती. चार एमएम कपाटाच्या पाठीला लागते. त्यावर कोणी बसलं तर खालीच जाईल. अभनपूरला मुलींच्या वसतिगृहाचे पलंग बनून राहिले होते. तिथल्या मिस्त्रीला मी अठराच्या मालाचा शब्द दिला होता. अन् आमच्याकडे अठरा यायचं ते नेपाळातूनच.

मी विचारलं, या रेघेत मोजलं काय? पोरगा म्हणाला, शीट. म्हणजे नग. किती जाडीचे?

"काका, शीट मतलब शीट."

मग मालक बोलले. "देवराव, वहिनी गेल्या तेव्हापासून तुमचं ध्यान राहत नाही. थोडे दिवस घरी राहा."

बायको जाऊन पाच महिने झाले. या पाच महिन्यांत माझ्या हातून एक शीट चुकीचं उतरलं नाही. माझं डोकंच फिरलं.

"मालक, तिचं नाव इथं काहून काढता? या रेघा ज्यावरून काढल्या तो कागद मले दाखवा."

कागद त्या एजंटानंच दिलेला. इंग्रजी मला येत नाही, आकडे येतात. जाडीचा रकाना होता, पोरानं तो घेतलाच नव्हता. नेपाळला सगळीकडे अठरा. व्हिएतनामला आधी अठरा, मग बारा, शेवटी चारच चार.

मी गोदामातून चारचे चार नग आणून टेबलावर एकावर एक आपटले. बाजूला अठराचा एक ठेवला. तो एकटाच त्या चौघांपेक्षा जाड.

"सांग भैया, लाकूड कुठं जास्त?"

घरी ती चार पातळ पोळ्या करायची. आता मी एकच जाड रोटी थापतो, पीठ तेवढंच लागते. हे त्यांना सांगितलं नाही. सांगून त्यांनी काय केलं असतं?

पोरानं जाडीनं गुणून रेघा परत काढल्या. निळी सुरुवातीला होती तिथंच आडवी राहिली, लालच्या खाली. सही झाली नाही. अभनपूरला अठराच गेलं.

माफी कोणी मागितली नाही. घरी राहा, हे मात्र मालक परत म्हणाले नाहीत.

एवढं समजलं की कोणी रेघ दाखवली तर आधी विचारायचं, मोजून कोणी दिलं. मोजणारा अन् विकणारा एकच असला, तर रेघ वरच जाणार.