तिघींची केबिन आणि वरचा पलंग

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजावर तिघींसाठी एकच केबिन घ्यायची, हे मी ठरवलं. तिघी म्हणजे मी, गडचांदूरला राहणारी माझी थोरली बहीण आणि चामोर्शीची माझी नणंद. बहिणीला मी ताई म्हणते, नणंदेला बाई. बाई तिघींत मोठी, साठीला आलेली. तिचे यजमान गेल्यापासून धानाची शेती एकटीच बघते. दोन केबिन घेतल्या असत्या तर कोणीतरी एक वेगळी पडली असती, आणि ती बाईच असती हे मला माहीत होतं.

बाईनं येण्याआधीच अट घातली होती. "माह्यापायी कोणाले अडचण झाली, तं मी तिथूनच वापस येईन, वहिनी."

"अडचण होणारच नाही," मी सांगितलं. माझी वही तयार होती. चंद्रपूरच्या शाळेत पंचवीस वर्षं वेळापत्रकं आखली आहेत, तीन बायकांची एक खोली काय अवघड? न्हाणीघराच्या वेळा, खुंट्या, चार्जर, औषधं, सगळं तीन दिवसांसाठी लिहून काढलं. पलंग वयाप्रमाणे वाटले. खालचे दोन ताई आणि बाईला, छतातून खाली येणारा तिसरा मला, कारण सगळ्यांत लहान मी.

जहाज दुपारी चारला सुटणार होतं. आम्ही अडीचला केबिनमध्ये शिरलो. खोली आमच्या शाळेच्या साहित्यखोलीएवढी. एकीनं बॅग उघडली की दुसरीनं पलंगावर पाय घ्यायचे. पण वहीप्रमाणे वीस मिनिटांत सगळं जागच्या जागी लागलं. मग केबिन सांभाळणाऱ्या मुलानं किल्ली फिरवून छतातला पलंग खाली ओढला आणि त्याला लोखंडी शिडी लावली.

मी दोन पायऱ्या चढले. तिसरीवर पाय ठेवला. छत अंगावर आल्यासारखं वाटलं. शिडीचा दांडा सोडता येईना आणि वरही जाता येईना.

"वही देऊ का हातात?" ताई खालून म्हणाली. "तिच्यात लिहिलं असंल कसं चढतेत ते."

मी उतरले, पाणी प्यायले, पुन्हा चढले. पुन्हा तिसरी पायरी, पुन्हा तेच. ताईचा तर प्रश्नच नव्हता, तिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी जमिनीवर गादी टाकायचं म्हटलं, तर तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "जमीन पर सोना मना है, मॅडम." दुसरी केबिन रिकामी नव्हती.

बाई उठली. पायात चप्पल घातली, पिशवी खांद्याला लावली.

"कुठी चालल्या, बाई?" ताईनं विचारलं.

"वापस. अजून जहाज सुटलं नाई. मुंबईत भाचा राह्यते, त्याच्याकडे जातो. तुमी दोघी खाली झोपा."

"बाई, बसा खाली," मी म्हटलं.

"काऊन बसू? मी म्हटलंच होतं. तिसरी मी, अडचण माहीच."

 वहीत यावर काही नव्हतं. बंदराच्या पाण्यापलीकडचा समुद्र बाईनं आजवर पाहिला नव्हता, आणि तो न पाहताच ती परत निघाली होती. बोलायचं म्हणून मी बोलले, "बाई, त्या पलंगाचीच काय ती अडचण आहे. वर झोपायला एक माणूस पाहिजे, बस."

बाई दारात थांबली. पहिल्यांदाच तिनं मान वर करून नीट पाहिलं.

"हे? एवढंसं?"

ती मागं आली. चप्पल काढली, पदर कमरेला खोचला, शिडी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. मग पायाच्या बोटांनी पायरी धरत सरसर वर गेली आणि अंग वळवून आडवी झाली. तो मुलगा तिला धरायला हात पुढे करून उभा होता, तो तसाच राहिला.

"धान निसवलं, लोंब्या आल्या, का कापणीपर्यंत मी मचाणावरच झोपतो, वहिनी. खाली रानडुकरं, वर मी. इथी तं गादी हाय, उशी हाय. डुकरं बी नाईत."

"ही घोरंल ना, मंग सांगा," ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

बाई खळखळून हसली. मीही. मी तिचं वय लिहिलं होतं, गोळ्यांची वेळ लिहिली होती. तिला काय येतं, हे विचारायचं मात्र सुचलं नव्हतं. वही काढून माझ्या आणि बाईच्या नावापुढचे पलंग खोडले आणि नव्यानं लिहिले. माझी यादी चुकल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

चारला भोंगा झाला तेव्हा आम्ही डेकवर होतो. किनारा मागं सरकायला लागला. बाई कठड्याला दोन्ही हात टेकून पुढं पाहत होती.  शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी प्रवासिणीनं सहज विचारलं, "तुम्ही तिघी एकाच केबिनमध्ये? जमतं का?"

"न जमाले काय झालं?" बाई म्हणाली. "वरचा पलंग माहा हाय."