शेवटच्या पेटीची टोपी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते देवळाच्या लायटिंगच्या वायरी बांधायचं. मल्हारगंजातल्या आमच्या खोलीत दुपारी सतरंजी अंथरली होती. मी वायर सोलून टोकाला पिना बसवत होतो. सुमन, माझी बायको, प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना जुन्या साडीच्या काठाचा दोरा बांधत होती. या टोकाला जी गाठ, तीच त्या टोकाला. मला अक्षर फारसं लागत नाही आणि कागदाच्या चिठ्ठ्या पावसात गळून जातात, म्हणून तिनं काढलेली ही युक्ती. "अहो, ही कुठली?" "शिखराची." "मग हिला पिवळा. देवीचा रंग." मी म्हटलं, देवीला रंगाशी काय करायचंय, दिवा लागला की झालं. ती म्हणाली, "तुम्हाला झटका बसल्याशिवाय काही कळलंय का कधी?" आणि हसली. मग चहा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवता तापवता ती ओट्यापाशी खाली बसली, ती उठलीच नाही.

ते गणपतीचे दिवस होते. त्यानंतर मला एका जागी बसवेना. खोलीत बसलो की बाहेर जावंसं वाटे, बाहेर गेलो की वाटे घरी काहीतरी राहिलंय. राजवाड्यापर्यंत जायचो आणि कशाला आलो ते न कळून परत यायचो. देवाचं नाव काढलं की डोकं फिरायचं. ती जन्मभर सकाळ-संध्याकाळ दिवा लावत आली आणि देवानं तिलाच फुंकर मारून विझवलं. मी देव्हाऱ्यावर कापड टाकलं. खोटं कशाला सांगू?

पण अन्नपूर्णा भागातल्या एका कॉलनीच्या देवीच्या मंदिराचं नवरात्राचं लायटिंग आमच्याकडे असायचं आणि त्या वायरी तयार पडल्या होत्या. लोक म्हणाले, काका, वर्षभर सण करायचा नसतो. मी म्हटलं, सण नाही करत, काम करतोय. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी शिडी घेऊन चढलो. गाठी बघत गेलो तसं सगळं आपापल्या जागी बसत गेलं. पिवळी शिखराला, हिरवी कमानीला. तिनंच हात धरून लावून घेतल्यासारखं.

संध्याकाळी कॉम्प्युटर चालू केला. या वायरींतून दिव्यांना हुकूम जातात, तू पेट, तू विझ. दिवे सांभाळणाऱ्या एका पेटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, थेट मागच्या भिंतीपाशी शेवटची पेटी आहे तिथपर्यंत. उजेड पायरीपासून हळूहळू कळसाकडे चढायला हवा होता. तो चढेना. दिवे नुसते फडफडायला लागले. लाल मध्येच निळा, निळा मध्येच बंद. समितीचे सेक्रेटरी चष्मा वर करून म्हणाले, "भिया, ये क्या कर दिया? देवीला चक्कर येईल अशानं."

मी एकेक जोड उघडला. मीटर लावला. स्क्रू आवळले. पिना ओढून पाहिल्या. वायर चांगली, पेट्या चांगल्या, पण फडफड तशीच. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण या गाठीवाल्या वायरी काढून टाकू. दुकान उघडं आहे, नवीन बंडल मागवतो. उद्या सकाळी घट बसायचेत." त्यांचं काही चुकत नव्हतं. पण नवीन वायर टाकायची म्हणजे हिच्या गाठी कापून कचऱ्यात जाणार. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं माझ्यापाशी. मी म्हटलं, थोडं थांबा. आणि कशासाठी थांबायचं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. पक्कड हातात घेऊन मंदिराला फेऱ्या मारत सुटलो. प्रदक्षिणा नव्हती ती, नुसती तडफड होती. गाभाऱ्यासमोर आलो तेव्हा मनात म्हटलं, तिला नेलंस, आता गाठी पण ने. माझ्यानं नाही होत.

मागच्या भिंतीपाशी एक म्हातारी बाई वाती वळत बसली होती. दरवर्षी बसत असेल, मी कधी बघितलं नव्हतं. मी शिडीवर नाहीतर कॉम्प्युटरपाशी असायचो. ती म्हणाली, "दादा, बाई नाही आल्या यंदा?"

"गेली," मी म्हटलं.

"अरे देवा!" वात तिच्या बोटांत तशीच राहिली. मग म्हणाली, "इथंच बसायच्या माझ्याजवळ. सगळं झालं की बटव्यातून काळं बूच काढायच्या, या पेटीला लावायच्या आणि हात जोडायच्या. मी विचारलं, ये क्या है बाई? तर म्हणाल्या, टोपी घालते, नाहीतर डोकं फिरतं त्याचं."

मी तिथंच बसलो. शेवटच्या पेटीला टर्मिनेटर, म्हणजे ते बूच, लागतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. हुकूम शेवटपर्यंत जातो, तिथं त्याला अडवणारं काही नसलं की तो आल्या वाटेनं उलटा फिरतो आणि पुढून येणाऱ्या हुकमांवर आदळतो. पण ते बूच इतकी वर्षं तीच लावत आली. ते काम माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. वर मी, खाली ती, अशी आमची वाटणीच होती.

तिचा बटवा हत्यारांच्या पिशवीत तसाच होता. ती गेल्यापासून मी तो उघडला नव्हता. उघडला. सुपारीचा वास आला. आत कापूर, अडकित्ता आणि पिवळ्या चिंधीत गुंडाळलेली ती टोपी. मी ती पेटीला दाबून बसवली. खट् झालं. फडफड थांबली. उजेड पायरीवरून निघाला, सावकाश कमानीवर गेला, शिखर चढला आणि कळसावर जाऊन थांबला. पुढून सेक्रेटरींचा आवाज आला, "वा भिया, वा!" माझे हात कधी जोडले गेले मला कळलं नाही. म्हातारी म्हणाली, "झालं ना? आता जरा सरका दादा, उजेड अडवलात माझा."

याला कुणी योगायोग म्हणेल. म्हणू दे, मी भांडणार नाही. मला एवढंच कळलं की माझंही त्या वायरीसारखंच झालं होतं. जे काही जात होतं ते टोकाला जाऊन उलटं येत होतं आणि माझ्याच डोक्यावर आदळत होतं. कुठंतरी टेकायला जागा लागते. सुमनला ती ठाऊक होती, म्हणून ती टोपी लावून हात जोडायची आणि घरी येऊन शांत झोपायची. देवीनं मला माझं माणूस परत दिलं नाही. ती जिथं टेकायची ती जागा दाखवली. मी त्याबद्दल आई जगदंबेचा ऋणी आहे, आणि त्या वातीवाल्या बाईचाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देव्हाऱ्यावरचं कापड काढलं. मग सतरंजी अंथरली, कमानीच्या उरलेल्या वायरीचा तुकडा घेतला आणि तिच्या साडीच्या काठातून एक दोरा ओढला. या टोकाला गाठ मारली. त्या टोकाला तशीच बसेना. सोडली, परत बांधली.