मिहरानने काढून टाकलेला अंधार

बैरूतच्या बुर्ज हम्मूद भागातल्या एका लहानशा थिएटरात मिहरान एकतीस वर्षं प्रोजेक्टर चालवत होता. त्याचा पडदा कधी काळा पडत नाही, हा त्याचा एकमेव तोरा. लढाईच्या दिवसांत वीज तासातासाला जायची, तरी जनरेटर इतक्या झटक्यात सुरू करायचा की लोकांनी तोंडात टाकलेली भोपळ्याची बी फुटायच्या आत चित्र परत यायचं. हे तो इतकं सांगायचा की बायको सिरवार्त म्हणायची, "लागली का तुझी टकळी?"

लढाई संपून सात-आठ वर्षं झाली होती. थिएटरात आता प्रयोगवाल्या पोरापोरी येत. एकीने तासभर नुसती भिंत दाखवली. एकाने मंचावर बसून अख्खं वर्तमानपत्र खाल्लं. मिहरानने त्याला मधूनमधून पाणी नेऊन दिलं. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण या पोरांमध्ये तो मजेत होता.

जुमाना त्यांच्यातलीच. तिने दोन वर्षं खपून वीस मिनिटांचा मूक चित्रपट केला होता, आणि त्याची प्रत एकच होती. तो चालू असताना ती आईचा जुना कोट घालून पडद्यासमोर उभी राहणार होती. प्रयोग संध्याकाळी सहाला, आणि आई खास उत्तरेकडच्या त्रिपोलीहून येणार होती.

दुपारी तालीम सुरू झाली. कोटावर चित्र पडत होतं, जुमाना कसलीतरी वाट बघत उभी होती. चित्र संपलं, तरी कोटाची बटणं उघडीच.

"काका, अंधार कुठे गेला?"

"काढून टाकला!" मिहरान वरच्या प्रोजेक्टरच्या खोलीच्या खिडकीतून ओरडला, अगदी खुशीत. "तीन ठिकाणी फिल्म काळी पडली होती गं. एवढे मोठाले तुकडे! कापले, जोडलं. सांधा दिसला का कुठे?"

जुमाना मटकन खाली बसली. "काका, तो अंधार मी चित्रित केला होता."

"अंधार कोण चित्रित करतं, पोरी?"

"तळघरात बॉम्बच्या आवाजाने मी रडायला लागले की आई म्हणायची, माझ्या कोटाची बटणं लाव. अंधारात, एकेक करून. त्या बटणांना लागेल तेवढाच अंधार मोजून घेतला होता मी. आता आईला काय दाखवू?"

मिहरानचं तोंड उतरलं. एकतीस वर्षांत एवढा खजील तो कधी झाला नव्हता. पण फिल्म फेकणारा प्रोजेक्टरवाला अजून जन्मायचाय. त्याने फळीवरून कॉफीचा डबा काढला. आत तीन काळ्या गुंडाळ्या, प्रत्येकीला चिठ्ठी: जिन्यानंतर, नळानंतर, मांजरानंतर.

"ऊठ," तो म्हणाला. "चहा पी. सहापर्यंत तुझा अंधार जागेवर असेल. आणि माझ्या टेबलाशी लुडबुड करू नकोस."

साडेपाचला शेवटचा सांधा बसला.

सहाला थिएटर भरलं. जिना दिसला आणि पडदा काळा झाला. लगेच शिट्ट्या सुरू झाल्या. "अरे मिहरान, जनरेटर लाव! झोपलास का?" त्याचा हात सवयीने जनरेटरच्या बटणाकडे गेला. त्याने तो काखेत दाबून धरला. चित्र परतलं, तर कोटाची दोन बटणं लागलेली.

दुसऱ्या अंधारात शिट्ट्या कमी झाल्या. तिसऱ्यात कुणी बीसुद्धा फोडली नाही. बटणावर नख घासल्याचा आवाज खोलीपर्यंत वर आला, आणि मग पहिल्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईचा घोगरा आवाज: "वरचं राहिलं, जुमाना. गळ्याशी थंडी लागेल."

चित्र आलं तेव्हा कोट गळ्यापर्यंत बंद होता. मिहरानने चष्मा पुसला. काचा स्वच्छच होत्या.

बाहेर दारात प्रयोग बघून निघालेला शेजारचा खाटीक भेटला. "काय रे, आज तीनदा वीज गेली? तुझा जनरेटर म्हातारा झाला वाटतं!"

सोबत आलेल्या सिरवार्तने नवऱ्याकडे पाहिलं. टकळी लागणार याची तिला खात्री होती.

"वीज कुठे गेली होती?" मिहरान म्हणाला. "तो अंधार मी दाखवत होतो."